शैशवकालीन आसक्ती

शैशवकालीन आसक्ती म्हणजे तान्हे मूल आणि त्याची माता किंवा नित्य सांभाळ करणारी अन्य व्यक्ती यांच्यात दृढ होणारा भावनिक बंध होय. 'आसक्ती' या शब्दाची रूढ मोहवाचक छटा येथे अभिप्रेत नाही. ब्रिटिश मनोविश्लेषक जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या १९५१ च्या अहवालात मातृवियोगाच्या परिणामांची मांडणी केली. मेरी एन्सवर्थ यांनी युगांडा व बाल्टिमोर येथे घरोघरी जाऊन माता-बालकांचे निरीक्षण केले. बाळाच्या रडण्या-हसण्याला मिळणारा प्रतिसाद वेळेवर व सुसंगत असल्यास आसक्ती बहुधा सुरक्षित होते. जवळीक वारंवार नाकारली गेल्यास परिहारी, तर प्रतिसाद बेभरवशाचा असल्यास द्विधा होण्याकडे कल असतो. सुमारे वर्षाचे मूल, आई खोलीबाहेर जाऊन परतल्यावर कसे वागते, यावरून प्रकार ठरवितात. तथापि ही जबाबदारी एकट्या मातेची मानणे योग्य नव्हे. एकत्र कुटुंबात आजी वा आत्याशीही असा बंध जडतो.

पुण्यात ससून रुग्णालयाशी संबंधित 'सोफोश' संस्थेचे 'श्रीवत्स' केंद्र निराधार बालकांचा सांभाळ करते व त्यांना दत्तक देते. ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेटपटू लिसा स्थळेकर येथूनच काही आठवड्यांच्या असताना दत्तक गेल्या. बालसंगोपनगृहांत सांभाळणारे हात पाळीनुसार बदलतात, त्यामुळे दत्तकविधानातील वयाला महत्त्व आहे. रुमानियातील बुखारेस्ट येथील अभ्यासात, साधारण दोन वर्षांच्या आत पालक-कुटुंबात गेलेल्या मुलांत सुरक्षित आसक्तीचे प्रमाण अधिक आढळले.