‘चारशेवीस’: कायदा गेला, शब्द उरला

१/ ‘त्याच्या नादी लागू नकोस, पक्का चारशेवीस आहे!’ मराठी घरांत, कट्ट्यांवर आणि बाजारात हे वाक्य आजही ऐकू येते. लबाड माणसाला नेमका हाच आकडा का चिकटला? चारशे एकोणीस किंवा चारशे एकवीस का नाही? या गमतीदार शब्दामागे जवळपास दोनशे वर्षांचा इतिहास आहे. 🧵

२/ १८३३ च्या सनदी कायद्यानंतर हिंदुस्थानात पहिला कायदा आयोग नेमला गेला. त्याचा अध्यक्ष होता थॉमस मेकॉले. त्याच्या आयोगाने १८३७ मध्ये दंडसंहितेचा मसुदा सादर केला. पण तो दोन दशकांहून अधिक काळ रेंगाळला. १८५७ चा उठाव शमल्यावर, १८६० मध्ये तो संमत झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आला.

३/ मूळ संहितेत ५११ कलमे होती. ‘फसवणूक’ म्हणजे काय, हे कलम ४१५ सांगे. दुसऱ्याचे सोंग घेऊन केलेल्या फसवणुकीची शिक्षा ४१९ मध्ये होती. फसवून एखाद्याची मालमत्ता उकळणाऱ्यास ४२० लागे. शिक्षा सात वर्षांपर्यंत कारावास आणि दंड.

४/ कायद्याची भाषा इंग्रजी, सामान्य माणसाला न कळणारी. आकडा मात्र सर्वांना कळे. त्यातच मराठीला आकड्यांत माणसे मोजण्याची जुनी सवय. पेशवाईत ‘साडेतीन शहाणे’ गाजले: सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे पूर्ण, तर नाना फडणवीस अर्धे! ‘दीडशहाणा’ आणि ‘छत्तीसचा आकडा’ ही याच मातीतली रोपे. अशा भाषेत ‘चारशेवीस’ सहज रुजला.

५/ पुढे या आकड्याला रुपेरी पडदाही लाभला. १९५५ मध्ये राज कपूर यांचा ‘श्री ४२०’ आला. प्रामाणिकपणाचे पदक गहाण टाकणारा तरुण मुंबईत ठकबाजीच्या वाटेला लागतो, ही त्याची कथा. नावातच बोचरा विनोद होता: आधी आदरार्थी ‘श्री’ आणि लगेच फसवणुकीचे कलम!

६/ इथे एक गैरसमज दूर करायला हवा. अमेरिकेत ‘४२०’ म्हणजे गांजा. त्याचा आपल्या कलमाशी काडीचाही संबंध नाही. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन राफेल येथील काही शाळकरी मुले दुपारी ४ वाजून २० मिनिटांनी भेटत. त्या वेळेवरून हा संकेत रूढ झाला. तो पोलिसांचा सांकेतिक क्रमांक होता, ही निव्वळ दंतकथा.

७/ खरे भावंड सापडते नायजेरियात. तिथल्या फौजदारी संहितेत खोटी बतावणी करून मालमत्ता मिळवण्याचे कलम आहे ४१९. म्हणून तिथे भामटेगिरीलाच ‘फोर-वन-नाइन’ म्हणतात. कायदा वेगळा, खंड वेगळा. लोकभाषेची युक्ती मात्र तीच.

८/ आता या कथेचे सर्वांत रंजक वळण. १ जुलै २०२४ पासून भारतात जुन्या दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. फसवणूक आता कलम ३१८ मध्ये आहे. नव्या संहितेत एकूण कलमेच ३५८. म्हणजे तिच्यात ४२० क्रमांकाचे कलमच नाही! पाकिस्तान आणि बांगलादेशाने मात्र तीच जुनी संहिता वारशाने घेतली. तिथे ४२० अजून कायम आहे.

९/ खुनाचे ‘तीनशे दोन’ही असेच पोरके झाले. खून आता कलम १०३ मध्ये गेला, आणि नव्या ३०२ मध्ये आहे धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांचा गुन्हा. जुना चित्रपट पाहणाऱ्या उद्याच्या मुलाला ‘दफा तीनशे दो’ ऐकून न्यायाधीशाचीच चूक वाटली, तर नवल नाही.

१०/ बोलीतले शब्द थिल्लर म्हणून झटकून टाकले जातात. पण परकीय सत्तेच्या जाडजूड कायद्यातून लोकांनी एक आकडा उचलला, त्याची भीती काढून घेतली आणि त्याला थट्टेचे हत्यार बनवले. मेकॉलेची संहिता इतिहासजमा झाली; तिचा हा एक तुकडा मात्र कोणत्याही संसदेच्या परवानगीवाचून लोकांच्या जिभेवर जिवंत आहे. ‘तो पक्का तीनशे अठरा आहे’ असे म्हणून पाहावे. कोणीही हसणार नाही.