वोकिंग
वोकिंग : इंग्लंडच्या सरे परगण्यातील शहर. लंडनच्या नैर्ऋत्येस सु. ३७ किमी. मूळ गाव वे नदीकाठी. उत्तरेकडील माळरानावर १८३८ मध्ये रेल्वेस्थानक झाले व त्याभोवती आजचे शहर वाढले. येथील असंख्य नोकरदार रोज लंडनच्या वॉटर्लू स्थानकापर्यंत ये-जा करतात. भोपाळच्या शाहजहान बेगम यांच्या देणगीच्या साहाय्याने उभारलेली शाहजहान मशीद (१८८९) ही ब्रिटनमध्ये मशीद म्हणूनच बांधलेली पहिली वास्तू. जवळच्या ब्रुकवुड दफनभूमीसाठी (१८५४) वॉटर्लूहून खास अंत्ययात्रेच्या गाड्या सुटत. शवपेटीचेही वर्गवार, एकेरी तिकीट काढावे लागे. तेथील पारशी विभागात जमशेटजी टाटा यांची समाधी आहे. एच. जी. वेल्स यांच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ (१८९८) कादंबरीतील मंगळवासी लगतच्या हॉर्सेल माळावर उतरतात.