फळ्यावरची तारीख आणि डब्यातली खिरापत

१९५८ साली अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, टोपीका इथल्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात डॉ. जेम्स फॉल्सम यांनी वृद्धांच्या वॉर्डात एक बदल केला. तिथले रुग्ण दिवसचे दिवस खाटेवर पडून किंवा खुर्चीत बसून असत. स्मृती गेली म्हणजे त्या माणसाकडून काही करून घेण्यासारखं उरलं नाही, असा त्या काळचा सर्वसाधारण समज होता. फॉल्सम यांनी वॉर्डातल्या मदतनिसांनाच हाताशी धरलं. रुग्णांशी रोज ठरवून बोलायचं आणि त्यांना छोट्या कामांत गुंतवायचं, अशी आखणी केली. पुढे अलाबामातल्या टस्कलूसा इथे लुसिल टॉल्बी यांच्यासोबत त्यांनी ही पद्धत पक्की केली आणि १९६६ मध्ये ती लिहून प्रसिद्ध झाली. ‘रिअ‍ॅलिटी ओरिएंटेशन’ हे तिचं नाव.

भिंतीवरचा फळा ही या पद्धतीची खूण. आज वार कोणता, तारीख काय, बाहेर ऊन आहे की पाऊस, पुढचा सण कोणता, हे सगळं त्यावर लिहिलेलं असे आणि रुग्णांकडून ते वदवून घेतलं जाई. आज स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या अनेक डे केअर केंद्रांत सकाळची सुरुवात अशाच फळ्याने होते. योगायोग असा, की त्याच १९५८ मध्ये ऑक्सफर्डच्या काउली रोड रुग्णालयात डॉ. लायोनेल कोझिन यांनी वृद्धांसाठी दिवसाचं रुग्णालय उभं केलं. सकाळी यायचं, उपचार आणि सोबत घ्यायची, संध्याकाळी आपल्या घरी परतायचं. आजच्या डे केअरचं एक मूळ तिथे आहे.

या माणसांना दिवसभर कशात गुंतवायचं, या प्रश्नाला तेव्हापासून अनेक उत्तरं दिली गेली. ती ओळीने पाहिली की एक गोष्ट ठळक होते. मेंदूला चालना देणारं साधन परक्या ठिकाणाहून जसंच्या तसं उचलून चालत नाही. ते त्या माणसाच्या गावातून, घरातून, त्याने आयुष्यभर केलेल्या कामातून यावं लागतं.

फळ्याची मर्यादा लवकरच उघडी पडली. पुष्कळ ठिकाणी तो यांत्रिक झाला. चुकलेल्याला दुरुस्त करणं हेच काम होऊन बसलं. नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बाईला तो वारल्याचं दर वेळी सांगणं सत्याला धरून होतं, पण तिला ती बातमी दर वेळी पहिल्यांदाच कळत होती.

दुसरी वाट आठवणींची. म्हातारी माणसं जुन्याच गोष्टी उगाळत बसतात, हे बुद्धी मंदावल्याचं लक्षण मानलं जाई. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये याच्या नेमकं उलट मांडलं: उतारवयात मागे वळून आयुष्याचा हिशेब लावणं स्वाभाविक असतं आणि उपयोगाचंही. १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये ‘हेल्प द एज्ड’ या संस्थेने ‘रिकॉल’ नावाचा ध्वनिफिती आणि स्लाइड्सचा संच काढला. १९८३ मध्ये पॅम श्वाइट्झर यांनी लंडनमध्ये ‘एज एक्स्चेंज’ ही संस्था सुरू केली आणि वृद्धांच्या आठवणींवर नाटकं बसवली. जपानमध्ये नागोयाजवळच्या कितानागोया शहरातल्या संग्रहालयाने शोवा काळातली रोजच्या वापरातली भांडीकुंडी, खेळणी आणि यंत्रं जमवली आणि ती वृद्धांच्या हाती देऊन त्यांना बोलतं केलं.

या प्रयत्नांमागे माणसाच्या स्मृतीचा एक नियम आहे. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सर्वांत दाट असतात आणि पुष्कळदा शेवटपर्यंत टिकतात. त्यामुळे कोणाला काय आठवेल, हे तो माणूस त्या वयात कुठे होता यावर ठरतं. महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्याचा भोंगा ऐकून लंडनची आजी बोलायला लागेल. लालबाग-परळच्या गिरणी कामगाराला पाळी सुरू होण्याचा भोंगा आठवेल, साचाखातं आठवेल, आणि १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संपही आठवेल.

या दोन्ही वाटांना शास्त्रीय बैठक देण्याचं काम संशोधक एमी स्पेक्टर, बॉब वुड्स, मार्टिन ऑरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. २००३ मध्ये त्यांनी ‘कॉग्निटिव्ह स्टिम्युलेशन थेरपी’ची, म्हणजे सीएसटीची चाचणी प्रसिद्ध केली. २०१ जण, २३ केंद्रं. त्यांत वृद्धनिवास होते तशी डे केअर केंद्रंही होती. आठवड्यातून दोनदा, पाऊण-पाऊण तासाची, एकूण १४ सत्रं. विषय साधे: बालपण, जेवणखाण, आवाज, पैसे, आकडे, शब्दांचे खेळ, वस्तूंची वर्गवारी. गटाला स्वतःचं नाव आणि स्वतःचं गाणं. सत्रांना आलेल्यांची आकलनशक्ती आणि जगण्याची गुणवत्ता इतरांपेक्षा सुधारलेली दिसली. २००६ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी सौम्य आणि मध्यम स्मृतिभ्रंशासाठी अशा गटसत्रांची शिफारस केली. ही पद्धत आजार बरा करत नाही आणि तिचा फायदा बेताचाच आहे, पण तो मोजून दाखवलेला आहे.

या पद्धतीतला सर्वांत मोलाचा नियम एका ओळीत सांगता येतो: माहिती विचारू नका, मत विचारा. ‘पंतप्रधान कोण?’ या प्रश्नाला चुकीचं उत्तर असू शकतं. ‘पूर्वीची लग्नं बरी की आताची?’ याला नसतं.

परकं साधन आपल्याकडे चालेल का, हा प्रश्न भारतात आधी वेगळ्या दाराने, म्हणजे स्मृती तपासण्याच्या चाचणीतून आला. हरियाणातल्या बल्लभगढमध्ये १९९०च्या दशकात भारत-अमेरिका संयुक्त अभ्यास सुरू झाला, तेव्हा संशोधकांकडे स्मृती तपासण्याची जगमान्य चाचणी होती ती १९७५ ची, अमेरिकेत तयार झालेली. तिच्यात एक वाक्य लिहायला सांगतात, छापलेली सूचना वाचून तसं करायला सांगतात, इंग्रजी शब्दाची अक्षरं उलट क्रमाने विचारतात. समोर मात्र कधी शाळेत न गेलेले शेतकरी आणि त्यांच्या बायका. या मापाने गाव तपासलं असतं, तर धडधाकट माणसंही आजारी ठरली असती. या अभ्यासातल्या मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाचणीच बदलली. अक्षरांऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायचे. सूचना वाचण्याऐवजी तपासनिसाकडे पाहून तो करतो तसं करायचं, म्हणजे डोळे मिटायचे. यातून हिंदी चाचणी तयार झाली आणि पुढे देशभराच्या पाहणीत तिचाच आधार घेतला गेला.

१९९२ मध्ये केरळात डॉ. जेकब रॉय यांच्या पुढाकाराने ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ उभी राहिली आणि डे केअरची कल्पना आपल्याकडे रुजू लागली. १९९८ मध्ये कोचीच्या परिषदेतून ‘१०/६६’ हा संशोधकांचा गट निघाला. स्मृतिभ्रंश झालेली दोन तृतीयांश माणसं विकसनशील देशांत, आणि संशोधन त्यांच्यावर १० टक्क्यांहूनही कमी, ही तक्रार त्या नावातच आहे. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने डे केअरची वाट न पाहता स्थानिक माणसांना शिकवून घरोघर पाठवलं. ८१ कुटुंबांतल्या त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये आले आणि सांभाळणाऱ्यांचा ताण हलका झाल्याचं त्यांतून दिसलं. सीएसटी भारतात आणली ती चेन्नईच्या ‘स्कार्फ’ या संस्थेने. तमिळ वृद्धांसाठी तिचं रूप बदलून घेतलेल्या प्राथमिक चाचण्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्याच सुमारास टांझानियात किलिमांजारोच्या परिसरातल्या खेड्यांत, वाचता न येणाऱ्या वृद्धांसाठीही ती नव्याने घडवली गेली.

महाराष्ट्रात हे काम करायचं तर सामान कुठून आणायचं? ते इथेच, जुन्या रिवाजांत पडलेलं आहे.

भोंडल्याची खिरापत घ्या. आश्विनात हस्त नक्षत्रावर पाटावर हत्ती काढून मुली फेर धरत. गाणी संपली की झाकलेला डबा मध्ये येई आणि आत काय आहे ते ओळखायचं. डबा हलवून आवाज ऐकायचा. गोड की तिखट? तळलेलं की वाफवलेलं? डाळीचं की रव्याचं? एकेक प्रश्नाने शक्यता गाळत जायच्या. सीएसटीतले आवाज, जेवणखाण आणि वर्गवारी हे तिन्ही विषय या एका डब्यात आहेत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे इथे चुकीचं उत्तर खेळाचाच भाग आहे. दहा जणींनी दहा चुकीचे पदार्थ सांगितल्याशिवाय खिरापतीला रंगच चढत नाही. प्रश्नमंजूषेत चुकलेली आजी मान खाली घालते, खिरापतीत चुकली तर सगळ्यांबरोबर हसते. शेवटी पदार्थ हातावर पडतो, तो वेगळा.

पैशांचा विषय असाच. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले. त्याआधी तो १६ आण्यांचा, ६४ पैशांचा होता. १९४३ ते १९४७ या काळात पाडलेला भोकाचा पैसा ऐंशीच्या पुढच्या माणसाच्या तळहातावर ठेवला, तर बोट आपसूक त्या भोकाकडे जातं आणि गोष्ट सुरू होते: दोऱ्यात ओवलेले पैसे, दुकानदार, एका पैशात काय काय यायचं. पाढ्यांची शिदोरी तर मोठीच. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. ज्यांनी ती सुरात घोकली, त्यांना इतर बरंच काही निसटल्यावरही तो ताल पुष्कळदा सापडतो. एकाने सुरुवात करायची आणि बाकीच्यांनी उचलून धरायचं.

पण पाढे शाळेचे, आणि शाळा सर्वांच्या वाट्याला आली नाही. १९५१ च्या जनगणनेत देशातल्या स्त्रियांची साक्षरता ९ टक्क्यांहूनही कमी होती. अक्षरओळख नसलेल्या या बायकांची स्मृती किती अफाट होती, हे हेमा राइरकर आणि गी पॉइटवां यांनी पुण्यातून उभ्या केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात दिसतं. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून त्यांनी लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आता ‘पारी’ हे ग्रामीण भारताचं संग्रहालय त्या वाचकांपुढे आणत आहे. अशा आजीसमोर कागद-पेन्सिल आणि शब्दकोडं ठेवलं, तर तिला काही येत नाही असंच सगळ्यांना दिसेल. तिच्यासमोर जातं मांडा, खुंट्याला हात लागू द्या, समोर दुसरी बाई बसवा. निवडायला तांदूळ द्या, वातींसाठी कापूस द्या. हात चालू झाले की ओवी येण्याचा संभव पुष्कळ वाढतो.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशभराच्या पाहणीनुसार साठीपुढच्या ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आढळलं. म्हणजे ज्यांना पुस्तकी कोडी उपयोगाची नाहीत, त्यांच्याकडेच हा आजार अधिक आहे.

मात्र ‘आपली संस्कृती’ म्हणून सगळ्यांना एकच साचा लावणं हीसुद्धा चूकच. भोंडला सगळ्या अंगणांत नव्हता. हळदीकुंकवाचा कार्यक्रम एखाद्या विधवा आजीला आयुष्यभराचा अपमान आठवून देऊ शकतो. दलित वस्तीत वाढलेल्या आजोबांचं मन भीमगीतांनी जागं होईल, गोव्यातल्या ख्रिस्ती आजीचं मांडोने. पिढीही सरकते आहे. आज पंचाहत्तरीत असलेल्यांनी आणे जेमतेम पाहिले. त्यांच्या ऐन उमेदीत १९७२ चा दुष्काळ होता, दुष्काळी कामावरची सुकडी होती, रेशनवरची मिलो ज्वारी होती. भोकाचा पैसा त्यांच्यासाठी शोभेची वस्तू ठरेल. सुकडीचा वास त्यांना बोलतं करील. तेव्हा केंद्राचं सामान दर काही वर्षांनी बदलावंच लागेल.

म्हणून डे केअर चालवणाऱ्यांनी आणि घरी सांभाळणाऱ्यांनी एक काम आजच करावं. आजी-आजोबांना सांगता येतंय तोवर त्यांच्या आयुष्याचं एक पान लिहून काढावं: गाव कोणतं, शाळा किती, काम काय केलं, हाताला कशाची सवय आहे, तोंडपाठ काय आहे, कोणता पदार्थ कोणाच्या हातचा आवडायचा, आणि कोणता विषय काढायचा नाही. केंद्रात नाव घालताना औषधांच्या यादीबरोबर हे पानही द्यावं, आणि केंद्राने त्या पानावरून त्यांचा दिवस आखावा.