वसईचे रक्तसाक्षी संत गोन्सालो गार्सिया



जुबिली हा ईश्वराच्या उपकारांचे स्मरण करण्याचा सण होय. अशा प्रसंगी आपल्याच भूमीत जन्मलेल्या संताचे चरित्र मनात आणणे उचित आहे. कारण संताचा अभिमान वाहणे सोपे, पण त्याला ओळखणे कठीण.

संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सुमारे १५५७ साली वसई येथे झाला. वसई त्या काळी पोर्तुगीजांच्या अमलाखाली होती. पिता पोर्तुगीज, तर माता याच कोंकणभूमीची कन्या. किल्ल्यातील येशूसंघीय धर्मगुरूंपाशी त्यांचे शिक्षण झाले आणि कोवळ्या वयातच ते त्यांच्यासमवेत जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी उत्तम आत्मसात केली व धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची मोठी आकांक्षा. परंतु ती सफळ झाली नाही. तेव्हा ते व्यापारात शिरले. धंद्यात जम बसला, पण अंतःकरणाला विसावा मिळेना. अखेर मनिला येथे त्यांनी फ्रान्सिस्कन संघात प्रवेश केला, तोही साधा ब्रदर म्हणून. याजकपदाचा मान त्यांना कधीच लाभला नाही.

१५९३ साली फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नराने फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याजकडे वकील म्हणून धाडले. त्यांचे दुभाषी झाले ब्रदर गोन्सालो. क्योटो येथे देऊळ उभे राहिले, महारोग्यांसाठी इस्पितळ निघाले. मात्र धर्मगुरूंना हद्दपार करण्याचा १५८७ सालचा हुकूम रद्द झालेला नव्हता. १५९६ च्या ऑक्टोबरात ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले. मिशनऱ्यांच्या मागोमाग परकी फौज येते, असा संशय बळावला आणि डिसेंबरात धरपकड सुरू झाली.

क्योटोत कैद्यांच्या डाव्या कानाचा भाग छाटून त्यांची धिंड काढण्यात आली. ऐन हिवाळ्यात सुमारे महिनाभर चालवून त्यांना नागासाकीस नेले. निघाले २४, वाटेत दोघांची भर पडली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर हे सव्वीस जण क्रुसांवर बांधले गेले व भाल्यांनी विद्ध झाले. त्यांत फ्रान्सिस्कन सहा, येशूसंघीय तीन आणि उरलेले सतरा प्रापंचिक भाविक होते. त्यांतला लुई इबाराकी अवघा बारा वर्षांचा!

१६२७ साली पोप आठवे उर्बन यांनी या रक्तसाक्षींना धन्यवादित घोषित केले. पुढे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि किल्ल्यातील देवळे ओस पडली. परंतु ईश्वराची योजना पाहा! अवघ्या सहा वर्षांनी, १७४५ मध्ये, सातासमुद्रापलीकडे ब्राझीलच्या रेसिफे शहरी मिश्रवर्णीय ख्रिस्ती जनांनी गोन्सालोंचा मोठा उत्सव केला. वर्णामुळे हीन लेखल्या गेलेल्या त्या लोकांना आपल्यासारखा एक जण वेदीवर विराजमान झालेला दिसला. फादर जाबोआताँव यांनी त्या उत्सवातील प्रवचनात वसईच्या त्या मातेच्या वंशाचा गौरव केला. ज्या जन्माला जग उणेपणा मानी, तोच तेथे भक्तीचा आधार झाला.

८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले. भारतात जन्मलेले ते पहिले संत. नागासाकीचे ओउरा देऊळ या सव्वीस जणांना अर्पण केलेले आहे, आणि १९६२ साली निशिझाकावर त्यांचे स्मारक उभारले गेले.

भाविकहो, या चरित्राचा आपणांस काय बोध? संघाचे द्वार न उघडल्याने गोन्सालो ख्रिस्ताला पाठमोरे झाले नाहीत. दुसऱ्याचे शब्द पोहोचविणे हे दुय्यम काम. पण त्यांनी ते मरणापर्यंत निष्ठेने केले. आणि कुणाच्या जातीवरून, कुळावरून त्याला देवळात मागे बसविण्याचा विचार ज्याच्या मनात येईल, त्याने या संताच्या नावाचा अभिमान मिरवू नये. संताचा मान केवळ मिरवणुकीने होत नाही. त्याच्या वाटेने चार पावले चालल्याने होतो.

हे संत गोन्सालो, आमच्यासाठी विनंती कर.