बुडालेल्या जमिनीचे बारसे कोणी करायचे?

नकाशावर नाव लिहिणे हे निष्पाप काम नाही. गावकुसाबाहेरच्या वस्त्यांना जातीची नावे चिकटवली गेली आणि ती पुसायला महाराष्ट्रात 2020 साल उजाडावे लागले. ज्यांनी ती नावे पत्त्यात लिहिली, त्यांना हे वेगळे सांगायला नको. पण जिथे आज माणूसच नाही, वर समुद्र आहे, तिथेही हाच प्रश्न येतो.

ब्रिटन आणि डेन्मार्क यांच्यामधला उत्तर समुद्राचा मोठा भाग हिमयुगाच्या शेवटी कोरडी जमीन होता. बर्फ वितळत गेला, पाणी चढत गेले. 1931 मध्ये कोलिंडा नावाच्या मासेमारी बोटीच्या जाळ्यात वनस्पती कुजून झालेल्या मातीचे ढेकूळ आले, त्यातून शिंगाचे दातेरी हत्यार निघाले. म्हणजे तिथे माणसे शिकार करत होती. 1998 मध्ये पुरातत्त्वज्ञ ब्रायनी कोल्स यांनी या भूमीला 'डॉगरलँड' म्हटले. डॉगर म्हणजे डच कोळ्यांची जुनी बोट. राजाऐवजी कष्टकऱ्याच्या बोटीचे नाव लागले, हे आम्हाला बरे वाटते. पुढे बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या अभ्यासकांनी, तेलाच्या शोधासाठी झालेल्या सर्वेक्षणाची माहिती वापरून, समुद्रतळाखाली गाडलेली एक नदी शोधली. तिला नाव दिले शॉटन, त्याच विद्यापीठातल्या भूशास्त्रज्ञाचे! शॉटन मोठे अभ्यासक होते, वाद नाही. पण तिच्या काठी राहणाऱ्यांनी तिला काय हाक मारली असेल? ती भाषाच उरली नाही, तेव्हा नवे नाव द्यावेच लागते. मात्र ते आपण दिलेले आहे, त्यांचे नाही, हे नकाशावर स्पष्ट लिहावे.

ऑस्ट्रेलियात ही सबबही चालत नाही. केर्न्सजवळच्या यिडिंजी आदिवासींच्या भाषेत फिट्झरॉय बेटाचे नाव 'हाताचा खालचा भाग' अशा अर्थाचे आहे, कारण ते एकेकाळी मुख्य भूमीचे टोक होते. बेट आणि किनारा यांच्या मधोमध, आज जिथे फक्त पाणी आहे, त्या जागेलाही त्यांनी नाव जपले : मुडागा. तिथे वाढणाऱ्या झाडांवरून. भाषाशास्त्रज्ञ डिक्सन यांनी ते नोंदवले. ही जमीन बुडून हजारो वर्षे झाली. ज्यांना गोऱ्या वसाहतवाद्यांनी इतिहास नसलेले ठरवले, त्यांच्या तोंडी समुद्राखालचा पत्ता टिकला. बेट मात्र नकाशावर आजही फिट्झरॉय.

आणि आपल्याकडे? 2001-02 मध्ये खंबातच्या आखातात बुडालेले शहर सापडल्याचे केंद्रीय मंत्री मुरली मनोहर जोशी यांनी जाहीर केले. आधार काय? ध्वनिलहरींनी काढलेली तळाची चित्रे आणि गाळातून उपसलेल्या वस्तू. त्यातला लाकडाचा तुकडा साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचा निघाला. लाकूड जुने म्हणून शहर जुने, असे होत नाही. आखातातल्या जोरदार भरती-ओहोटीत ते कुठूनही वाहत येऊ शकते. अनेक पुरातत्त्वज्ञांनी हे तेव्हाच सांगितले. तोवर काहींनी त्याला द्वारकेशी जोडूनही टाकले होते. उत्खनन व्हायचे होते, बारसे आधीच उरकले.