स्विस सरोवरे आणि पोहण्याचे काठ

स्वित्झर्लंडला समुद्रकिनारा नाही; पोहण्याची हौस तेथील लोक सरोवरांवर भागवतात, आणि कोणत्या सरोवराचा कोणता काठ पोहण्यास योग्य, हे गेल्या दोनशे वर्षांत निसर्गाइतकेच समाजानेही ठरवलेले आहे. ही सरोवरे बहुतांशी हिमनद्यांनी कोरलेल्या खोलगट दऱ्यांत साचलेली असली, तरी त्यांच्या पाण्याची ऊब सारखी नसते. बर्नच्या डोंगराळ प्रदेशातील ब्रिएंझ सरोवर सुमारे २६० मीटर खोल असून आरे नदीतून त्यात हिमनद्यांचे वितळलेले पाणी आणि दळलेल्या खडकाची बारीक पूड येत असल्यामुळे ते ऐन जुलैतही गार आणि दुधाळ निळसर असते. उलट झुरिचजवळच्या टेकड्यांमधले ग्रायफेन सरोवर जेमतेम ३२ मीटर खोल आणि हिमनद्यांपासून दूर असल्यामुळे लवकर तापते. उन्हाने तापलेले हलके पाणी वर राहते व थंड, जड पाणी तळाशी. परंतु जोराचा वारा वरचा थर एका काठाकडे लोटतो, तेव्हा समोरच्या काठाला खालचे गार पाणी वर येते, आणि एकाच दिवशी एकाच सरोवराचे दोन काठ पोहणाऱ्याला अगदी वेगळे भासतात. उथळ, कोमट, पाणवनस्पतींनी भरलेला काठ लहान मुलांना सोयीचा खरा, पण पाणपक्ष्यांच्या शरीरात वाढणाऱ्या एका परजीवीच्या अळ्या तेथील गोगलगायींतून पाण्यात सुटतात व माणसाच्या कातडीत शिरल्यास अंगावर खाजरे पुरळ उठते.

नद्यांच्या वाटाही माणसाने बदलल्या. लिंथ नदीने आणलेल्या दगडगोट्यांमुळे वालेन सरोवराच्या मुखाशी पाणी तुंबून दलदल आणि हिवताप पसरला होता. हान्स कॉनराड एशर यांच्या देखरेखीखाली १८०७ ते १८१६ या काळात खोदलेल्या कालव्यांनी ती नदी वालेन सरोवरातच सोडली. तेव्हापासून तिचा गाळगोटा तेथेच बसतो आणि पुढे झुरिच सरोवराकडे निवळलेले पाणी जाते. या कामाचा हेतू पूर आणि रोग आवरण्याचा होता, पोहण्याचा विचारही त्यात नव्हता.

एकोणिसाव्या शतकातील नगरवासीयांना मात्र पाण्याच्या उबेपेक्षा आडोसा महत्त्वाचा वाटत होता. झुरिचमध्ये १८३७ साली स्त्रियांसाठी स्नानगृह उभे राहिले, आणि पुढे पेटी-स्नानगृहांचा प्रकार रूढ झाला. पाण्यात रोवलेल्या खांबांवर चारही बाजूंनी फळ्यांच्या भिंती, आतल्या अंगाला कपडे बदलण्याच्या खोल्यांची रांग, आणि मधोमध उघड्या आकाशाखाली कोंडलेला पाण्याचा चौकोन, अशी त्याची रचना असे; बाहेरच्या नजरेला फक्त लाकूड दिसे. लिम्माट नदी सरोवरातून बाहेर पडते तेथील १८८८ चे स्त्रियांचे स्नानगृह आणि सरोवराकाठचे १८९० चे उटोके स्नानगृह आजही वापरात आहेत, ही जतनाची बाब खरोखर कौतुकास्पद आहे.

ही भिंत पाडली ती उन्हाच्या ओढीने. मूळचे स्विस असलेले आर्नोल्ड रिक्ली यांनी १८५५ पासून आजच्या स्लोव्हेनियातील ब्लेड सरोवराकाठी ऊन, हवा आणि पाणी यांच्या साहाय्याने उपचार सुरू केले होते. पुढे क्षयरोगावरील उन्हाच्या उपचारांनी त्या विचाराला बळ दिले. मग पेटीची जागा उघड्या काठाने घेतली: ल्युसर्न सरोवराकाठच्या वेगिस येथे १९१९ साली आणि झुरिचच्या मिथेनके येथे १९२२ साली खुले स्नानतट सुरू झाले, जेथे स्त्रीपुरुष एकत्र पोहू लागले. त्यानंतर काठ निवडताना मंद उतार, दक्षिणेचे किंवा पश्चिमेचे ऊन आणि पसरून लोळता येईल असे गवत पाहिले जाऊ लागले.

पाण्याची शुद्धता हा निकष याहून उशिरा आला, आणि तो अनुभवाच्या कडू घोटातून आला. मैला थेट सरोवरात जात असल्यामुळे फॉस्फरस वाढला व शैवालासारखे सूक्ष्मजीव माजले. त्यांतील एका लालसर जातीला १४७६ च्या मुर्टेनच्या लढाईवरून लोक ‘बर्गंडीवाल्यांचे रक्त’ म्हणतात. १९५५ चा जलसंरक्षण कायदा बराच काळ कागदावरच राहिला. १९६३ मध्ये झेरमॅट या पर्यटनगावी टायफॉइडची साथ पसरली, त्यानंतरच सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांना वेग आला, आणि १९८६ मध्ये कपड्यांच्या साबणचुऱ्यातील फॉस्फेटवर बंदी घालण्यात आली. आज शहराच्या मध्यभागी पोहता येते, ते करदात्यांनी भरलेल्या पैशांमुळे.

पाणी असे सर्वांचे झाले, काठ मात्र झाला नाही. एकोणिसाव्या शतकात झुरिच कँटनने, म्हणजे तेथील घटकराज्याने, परवाने देऊन सरोवरात भराव घालू दिला आणि त्या जमिनीवर खासगी बागबंगले उभे राहिले. नगरनियोजनाच्या १९७९ च्या संघीय कायद्यात सरोवरांचे व नद्यांचे काठ मोकळे ठेवावेत आणि तेथे जनतेला जाणे सुलभ करावे, असे स्पष्ट म्हटले आहे. जे पाणी सर्वांनी मिळून स्वच्छ केले त्याच्या काठावर कुंपण असावे, हे या कायद्याच्या हेतूशी विसंगतच आहे. तरीही सरोवराला लागून सलग सार्वजनिक पायवाट करण्याचा प्रस्ताव झुरिच कँटनच्या मतदारांनी मार्च २०२४ मध्ये फेटाळला.