वेढ्यातल्या पॅरिसचे निरोपे

कबुतर निरोप नेते, असे आपण सहज बोलून जातो. वस्तुतः ते निरोप नेत नाही. ते आपल्या घरी परतते आणि निरोप त्याच्यासवे येतो, इतकेच. ही साधी गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे १८७० साली पॅरिसवासीयांपुढे पडलेला पेच उमगतो.

त्या वर्षी १९ सप्टेंबरला प्रशियाच्या सैन्याचा वेढा पूर्ण झाला. शहराबाहेर पत्रे धाडण्यास बलून होते. वारा नेईल तिकडे ते जात. परंतु बाहेरून नेमके पॅरिसमध्ये उतरण्यास वाऱ्यावर भरवसा कोण ठेवणार? म्हणून पॅरिसची पाळीव कबुतरेच बलूनमधून बाहेर नेऊ लागले. हंसपिसाच्या पोकळ देठात निरोप घालून तो कबुतराच्या शेपटीला बांधीत आणि त्यास सोडून देत. पुढे रने दाग्रों या छायाचित्रकाराने मजकूर इतका सूक्ष्म केला, की लहानशा पापुद्र्यावर शेकडो निरोप मावत. पॅरिसमध्ये जादूच्या कंदिलाने ते पडद्यावर मोठे करून कारकून उतरून घेत. खाजगी निरोपास शब्दामागे अर्धा फ्रँक पडे. तारेचे शब्द बोटांवर मोजलेल्या आमच्या पिढीस ही काटकसर परकी नाही. सारी खुशाल, बाळंतीण सुखरूप. याहून अधिक कोण काय लिहिणार?

तीनशेच्या आसपास कबुतरे सोडली गेली. परतली साठांहूनही कमी. म्हणून एकच निरोप अनेकांबरोबर पाठवावा लागे.

दाग्रों १२ नोव्हेंबरला पॅरिसहून निघाला, त्याच दिवशी सोबतचे ‘दागेर’ नावाचे बलून शत्रूने पाडले. त्यातील कबुतरे प्रशियनांच्या हाती लागली. डिसेंबरात त्यांनी त्यांतील काहींना चिठ्ठ्या बांधून सोडले: रूआं गेले, ऑर्लेआं गेले, आता प्रतिकार व्यर्थ. चिठ्ठीखाली ज्याची सही होती, तो गृहस्थ त्या वेळी पॅरिसमध्येच होता! लबाडी उघडी पडली. पण आम्हांस अस्वस्थ करते ते निराळेच. रूआं आणि ऑर्लेआं खरोखरच पडली होती. सही खोटी, म्हणून खरी बातमीही खोट्यात जमा व्हावी, असा तो प्रसंग. कबुतरांचा यात काय दोष? ती घरी परतली होती.

२८ जानेवारी १८७१ रोजी युद्धबंदीचा करार झाला. या बलूनस्वारांचे व कबुतरांचे स्मारक पॅरिसच्या वेशीवर १९०६ साली उभे राहिले. न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवता घडविणाऱ्या बार्तोल्दीची ती अखेरची कृती. दुसऱ्या महायुद्धात, पॅरिस पुन्हा जर्मनांच्या ताब्यात असताना, धातूसाठी ते वितळविण्यात आले.